दारावरचं सफरचंद

पेनीवेल, व्हर्जिनिया
११ डिसेंबर

ति. ऑगस्टाताईस,

लेम्युएलचा नमस्कार. फ्लोरिडाच्या उन्हात तुझा गुडघा सैल झाला का? भाओजींना मासे मिळतात का, की अजून नुसता गळ घेऊन बसतात? इकडे टॅबिथा आणि मी, दोघं नवराबायको ठीक आहोत. (पाकीट उघडण्याआधी चिकटवलेली कड नीट पाहिलीस ना? आपला पोस्टमन समोरच्या क्रंपच्या बायकोचा मावसभाऊ आहे. मी आरोप करत नाही, नुसतं सांगून ठेवतो.)

नाताळची सराया-फेरी येत्या वीस तारखेला आहे. तिकिटं काढून माणसं गावातल्या सहाही सराया पाहत फिरणार, आणि ज्यांना आवडेल ते जाताना पुढच्या वर्षाच्या खोल्या राखून ठेवणार. आपलं वर्ष त्यावरच निघतं, हे तुला वेगळं सांगायला नको. फेरीच्या समितीचा नियमही तुला तोंडपाठ आहे: सजावटीत अडीचशे वर्षांपूर्वी मिळत नव्हतं असं काही दिसता कामा नये. आता आपली सराई बाबांनी अठ्ठावन्न साली बांधली, तुळया जुन्या दिसाव्यात म्हणून साखळीने बडवल्या आणि साखळीचं एक टोक तुझ्या हातात होतं. म्हणजे घर तुझ्यापेक्षा धाकटं! ते चालतं. पण दारावरचं फळ मात्र खरं असावं लागतं. गेल्या वर्षी एका सराईवाल्याने कागदी फुलं लावली, त्याचं नाव फेरीतून खोडलं, आणि आज त्या जागेत सतरंज्या विकतात. बाबांच्या घरात सतरंज्या विकलेल्या मला बघवणार नाहीत.

तू असतानाच आपण सफरचंदांची फळी दारावर चढवली. सव्वीस खिळे, सव्वीस सफरचंदं, वर अननस. तू तीन तारखेला निघालीस आणि चार तारखेला सकाळी पानं झाडून वर पाहतो तर एक खिळा रिकामा! पाच तारखेला आणखी एक. खार म्हणावी तर खार कचरा करते. हा चोर नीटनेटका होता. मग क्रंप रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "लेम, तुझी फळी यंदा जरा हवेशीर दिसते." दुसऱ्याच्या दारावरची फळं मोजणारा माणूस साधा नसतो. त्या दिवसापासून मी रोज सकाळी सात ते आठ हातात झाडू घेऊन दारात उभा राहू लागलो. वरवर पानं झाडायची, पण नजर क्रंपच्या दारावर रोखलेली. तो बाहेर येत नसे. तरीही आठ वाजता वळून पाहावं तर माझ्या पाठीमागचं एक सफरचंद गेलेलं! माणूस किती पोहोचलेला आहे, ते यावरूनच ओळख.

शेवटी मी सापळा लावला. दुकानातून प्लॅस्टिकचं एक सफरचंद आणलं आणि आठ तारखेला अगदी हाताशी येईल अशा खिळ्यावर बसवलं. दुसऱ्या दिवशी पहारा संपवून पाहतो तर त्यावर चावा! टॅबिथाला दाखवायला मी आत धावलो. आम्ही बाहेर येतो तो दारात समितीच्या अध्यक्ष युडोरा पेग्रमबाई, नाकावर चष्मा, हातात ते सफरचंद. त्यांनी ते हुंगलं.

"लेम्युएल, हे सतराशे सत्तरमध्ये कुठल्या झाडाला लागायचं?"

"बाई, तो चोर पकडण्यासाठी..."

"चोर आता प्लॅस्टिक खातात का?"

त्यांनी ते रुमालात गुंडाळून नेलं. अठरा तारखेला निकाल. दातांच्या खुणा क्रंपशी ताडून पाहा, असं मी कळवलं. तर क्रंपने चर्चच्या सभागृहात सगळ्यांसमोर आपणहून आ केला. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस असा आ करत फिरेल का, तूच सांग.

ताई, खरंच झोप उडाली आहे. भाओजींना नमस्कार.

तुझा,
लेम्युएल

ता. क. एक छोटं काम होतं. ते प्लॅस्टिकचं सफरचंद निघण्यापूर्वी तूच गंमत म्हणून लावलंस, अशी चिठ्ठी पेग्रमबाईंना उलट टपाली पाठव. तुमच्याकडे माडांनासुद्धा दिव्यांच्या माळा गुंडाळतात, त्यामुळे इथे सगळ्यांना लगेच पटेल. तारखांची काळजी करू नकोस; सतराशे सत्तरच्या पुढचं काही समितीला दिसत नाही.

ता. क. २. टॅबिथाने आत्ताच मला आरशासमोर उभं करून आ करायला लावला. वरच्या दाताचा कोपरा उडाला आहे. परवा पहाऱ्यावर असताना तोंडातलं काहीतरी दगडासारखं लागलं होतं खरं, पण मला वाटलं थंडीने गोठलं असेल, आणि क्रंपच्या दारावरून नजर काढणं शक्यच नव्हतं. तेव्हा चिठ्ठीत चावाही तूच घेतलास असं लिही. क्रंपवरचा संशय मात्र मी सोडलेला नाही. इतके दिवस हा माणूस समोरून मला सफरचंदं खाताना बघत होता आणि एका शब्दाने बोलला नाही.