गोल झालेल्या डोक्याचा बोल्ट

मी चंपतराव उद्धवराव ढवळे, वय एकाहत्तर, धंदा मोटार मेकॅनिक, राहणार जैनथ रोड, आदिलाबाद, हे मृत्युपत्र कोणाच्या दाबाखाली न येता राजीखुशीने लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे; पण डॉक्टर स्वतःच्या गाडीचे बोल्ट पक्कडीने फिरवतात, म्हणून त्यांच्या शब्दावर जाऊ नये. पुढचे वाचून ठरवावे.

१. राहते घर पत्नी जयवंताबाई हिला. पंचेचाळीस वर्षे तिने माझे ऑइलने माखलेले कपडे धुतले आणि टोमण्यांचा एकही दिवस चुकवला नाही. घर तिचेच होते, मी फुकट राहिलो.

२. मुलगा राजकुमार. नाव तसे ठेवले ही माझीच चूक. जैनथचा प्लॉट त्याच्या नावे आधीच केला आहे. आता फक्त माझी छिन्नी. बोल्ट सुटला नाही की त्याला दुसरे काही सुचतच नाही. इंजिनच्या झाकणाला त्याने घुमटासारख्या डोक्याचे चमकणारे स्क्रू लावले. ऑइल गळत गाडी बाजारहत्नूरपर्यंत गेली आणि तिथे इंजिन जाम झाले. अरे, झाकण दाबून धरायला रुंद कडेचा सहाकोनी बोल्ट लागतो. नवरदेवाच्या फेट्याला लावायचे ते इंजिनला लावू नये. माझ्या मागे गॅरेज मोडून गाड्या सजवायचे दुकान काढायचा त्याचा बेत आहे. मी म्हातारा झालो, बहिरा नाही. तो बेत रद्द.

३. गॅरेज, जागेसह व सर्व हत्यारांसह, मुलगी चंदा हिला. जिला स्वतः हाकलले तिलाच का, असे चार शहाणे विचारतील. म्हणून लिहून ठेवतो.

अकरा वर्षांपूर्वी भगवानराव लांडगे यांची भाजीची गाडी आली. एक्झॉस्टचा बोल्ट चंदाच्या हातून सुटेना. तो एलन बोल्ट होता, डोक्यात सहाकोनी खड्डा असलेला. जिथे पाना शिरत नाही तिथे तो कामाचा. पण तापणाऱ्या, चिखल उडणाऱ्या जागी त्या खड्ड्यात गंज साचतो, किल्ली नुसती गरगर फिरते आणि कोपरे झिजून खड्डा गोल होतो. तसेच झाले. ती म्हणाली, "बाबा, इथं एलन काऊन लावला? गंज भरून राह्यला न त्यात."

मी गिऱ्हाइकांसमोर किल्ली हिसकावली. "बोल्टाचं डोकं गोल केलं, आन मलेच शिकवतं? जाय, भाकरी थापाले जाय."

ती गेली. आता नार्नूरला ट्रॅक्टर दुरुस्त करते. लोक तिचे नाव घेतात. मी घेत नव्हतो.

यंदा पोळ्याच्या आधी तीच गाडी पुन्हा आली. एक्झॉस्टचे उरलेले बोल्ट काढताना प्रत्येकाशेजारी लोखंडात पंच ठोकून उमटवलेले दोन ठिपके दिसले. ती माझी खूण. मी बसवलेल्या बोल्टाशेजारी मी ती मारतो, दुसरे कोणी मारत नाही. म्हणजे ते एलन बोल्ट मीच लावले होते. सहाकोनी संपले होते, दुकानापर्यंत जायचा कंटाळा आला, नंतर बदलू म्हटले आणि विसरलो. जन्मभर दुसऱ्यांची अक्कल काढणाऱ्याची ही अक्कल.

चंदा, तू बरोबर होतीस. चूक माझी होती. हे तोंडाने सांगायला दोनदा नार्नूरच्या बसमध्ये बसलो आणि दोन्ही वेळा बस सुटायच्या आत उतरलो.

४. तो गोल झालेला बोल्ट चंदाविरुद्ध पुरावा म्हणून मी अकरा वर्षे गल्ल्यात जपला. गॅरेजात माझा फोटो लावायचाच असेल, तर त्याच्या खाली हा बोल्ट ठेवावा. हार घालू नये.

वर लिहिले की माझे डोके ठिकाणावर आहे. चंदाला हाकलले त्या दिवशी ते नव्हते. तेव्हा भगवानराव समोर उभे होते, म्हणून या कागदावर सहीला त्यांनाच बोलावले आहे.

ठिकाण: आदिलाबाद
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५
सही: चंपतराव उद्धवराव ढवळे

साक्षीदार:
१. सुवर्णा कोरे, शेजारीण. सही माझ्यासमोर झाली.
२. भगवानराव लांडगे, राहणार जैनथ. सही माझ्यासमोर झाली. त्या दिवशीही मी समोरच होतो, आणि गप्प बसलो.