सातव्या फाटकावरचा ‘हॉप’

मी, नॉटबुर्गा क्रानेबिटर, वय अडुसष्ट, राहणार सांक्ट वेरेना, टिरोल, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा सांगत आहे. मला जन्मापासून उजेड आणि सावली एवढंच दिसतं. म्हणून लिहून घेणारे नोटरी प्राक्समारर यांनी माझ्या उजव्या बाजूला बसून प्रत्येक कलम तीनदा मोठ्याने वाचायचं आहे. ते फार सरळ माणूस आहेत असं सगळं गाव म्हणतं, त्यामुळे मी जरा जास्तच सावध आहे.

कलम १. घर आणि मागचं कुरण धाकटा भाऊ विन्झेन्झ याला. मी इस्पितळात असताना त्याने टेप लावून खोल्या मोजल्या. विचारलं तर म्हणाला, “पडद्यांसाठी गं, ताई.” पडदे होतेच. पण घेतलेली मापं वाया कशाला घालवायची?

कलम २. पॅरालिम्पिकची तिन्ही सुवर्णपदकं गावच्या शाळेला. प्रदर्शनातून परत आल्यापासून मधलं पदक हाताला हलकं लागतं. शाळेने वजन करूनच ताब्यात घ्यावं.

कलम ३. स्कीच्या कडा घासायच्या कानशी आणि मेणाचा डबाही शाळेलाच. मेणात मी काय मिसळत असे ते कधी कोणाला सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही.

कलम ४. मामेबहीण फिनी हिच्याबद्दल. बारा हिवाळे ती उतारावर माझ्यापुढे स्की करत होती आणि माझ्या हेल्मेटमध्ये तिचा आवाज होता. ती ‘हॉप’ म्हणाली की मी वळायचं, एवढाच आमचा करार. शेवटच्या शर्यतीत सातव्या फाटकापाशी, म्हणजे वळायच्या खांबांच्या सातव्या जोडीपाशी, ‘हॉप’ उशिरा आला. मी कुंपणात गेले, खुब्याचं हाड मोडलं, चौथं सुवर्ण गेलं.

फिनीचं तेव्हा स्विस संघाच्या प्रशिक्षकाशी लग्न ठरत होतं. मी काय समजायचं ते समजले.

“बुर्गी, मी वेळेवर सांगितलं होतं गं.”

“सांगितलं असशील. त्या स्विस दादल्याला विचारून?”

हे मी चारचौघांत बोलले, वर्तमानपत्रवाल्यांपुढेही बोलले. लग्न मोडलं. पुढे एकाही आंधळ्या खेळाडूने फिनीला सोबत घेतलं नाही. सव्वीस वर्षं ती स्की-लिफ्टच्या खिडकीत तिकिटं फाडते आहे.

गेल्या शरद ऋतूत कानाच्या डॉक्टरने सांगितलं, डावा कान चाळिशीतच गेलेला असणार. माझा विश्वास बसला नाही, म्हणून इन्सब्रुकच्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. तोही तेच म्हणाला. हेल्मेटमधला स्पीकर डाव्या बाजूलाच होता.

फिनीने शब्द वेळेवर दिला होता. मला तो ऐकू आला नाही. हे तिच्या तोंडावर सांगायला मी तीनदा लिफ्टपर्यंत गेले आणि तीनदा तिकीट घेऊन परत आले. मला लाज वाटते.

हे कलम चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचावं, आणि ते विन्झेन्झने वाचू नये, तो गाळेल. माझ्या शवपेटीच्या पुढे फिनीने चालावं, उजव्या बाजूने, आणि दफनभूमीच्या वाटेवर प्रत्येक वळणाला ‘हॉप’ म्हणावं. पेटी वळायला उशीर झाला, तर तो याही वेळी माझाच समजावा.

हे सगळं तीनदा ऐकलं, बरोबर आहे.

सही: नॉटबुर्गा क्रानेबिटर
साक्षीदार: क्रेसेन्झ हाइडेगर, सुईण, लेओनहार्ट मोझर, चर्चचा घंटावाला
सांक्ट वेरेना, ११ फेब्रुवारी २०२०