राणी रानात जागी होते तिथवर

ती. भगवंतराव भावोजींच्या पायांशी अमरावतीहून शेषरावाचा नमस्कार.

येथे सर्व कुशल आहे असे लिहावयास बसलो, पण ते पुरते खरे होणार नाही. माझा घसा पार बसला आहे. बाकीचे कुशल आहे. आपला दमा कसा आहे? वाईची थंडी यंदा सोसते ना? अक्कास नमस्कार सांगावा.

आपली आज्ञा स्पष्ट होती. चिरंजीव देवीदास पळून जाऊन नाटकमंडळीत बायकांची सोंगे घेतो, आपल्यामागे पुराण सांगण्याचे पिढीजात आसन रिकामे पडणार, तरी त्यास कान धरून आणावे. मी अकोल्यास गेलो तो याच हेतूने. (शाळेत रजाही घरगुती कार्याचीच मागितली होती.) तंबूच्या मागे देवीदास राणीचा अंबाडा बांधत बसला होता. तो म्हणाला, "मामा, वऱ्हाडात तंबू भरला नाही तर मंडळी मोडणारच आहे. मग मी निमूट येतो. भरला तर बाबांना तुम्ही समजवायचं." मला हे न्यायाचे वाटले आणि मी कबूल झालो. न्यायाचे वाटले की सोयीचे, हे अद्याप ठरत नाही.

इतक्यात तेथे अमरावतीजवळचे खुशालराव पाटील आले. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून यांच्या कापसाला असा भाव आला आहे की बैलांच्या शिंगांना चांदी मढवून झाली, आता काय मढवावे हे सुचेना, म्हणून त्यांनी नाटकाचा तंबू उभा करून दिला. अडचण अशी, की इकडच्या लोकांनी हा गाण्याचा खेळ कधी पाहिलेला नाही. (मागच्या मुक्कामी राक्षस आरोळी ठोकत आला तेव्हा निम्मे लोक घरी पळाले, आणि उरलेल्यांनी राक्षसाला बदडले.) पाटील म्हणाले, "गुरुजी, तुमी शिकेल माणूस. लोकाईले आदल्या दिवशी समजावून सांगा, काय होऊन राहिलं ते."

आता माझी पंचाईत पाहावी. वाईट बोललो तर भाचा हाती लागतो. चांगले बोललो तर जातो. मी प्रामाणिकपणे चांगले बोलण्याचे ठरवले. आख्यान अपुरे सोडू नये, हे तर मी आपल्याकडूनच शिकलो. आपण पाऊस छपरातून गळत असतानाही पोथी पुरी केल्याशिवाय उठला नव्हता. तेव्हा अकोल्यास मी राजाराणीचे लग्न, वनवास, ताटातूट, राक्षस आणि शेवटची भेट, सगळे नीट सांगितले. लोक डोळे पुसत होते. संपताच कोणी माझ्या कपाळी बुक्का लावला, आरती झाली, गूळखोबरे वाटले गेले, आणि दुसऱ्या दिवशी तंबूत चिटपाखरू नाही. विचारले तर सांगतात, "कथा झाली नं गुरुजी, आरती बी झाली. आता काहून यायचं?" आरती झाली की कथा संपते, हे मला, आपल्या मेहुण्याला, सुचू नये! देवीदास बांधलेला अंबाडा सोडू लागला. मी त्या दिवशी रोजनिशीत स्वतःला विचारले, की रिकामा तंबू पाहून मनात कुठे बरे वाटले काय? वाटले होते. चिमूटभर.

त्या चिमटीनेच घात केला; तिची भरपाई म्हणून पुढच्या मुक्कामी तंबू भरवायचाच असे मी ठरवले. अमरावतीस कापसाच्या बाजारात, गाठोड्यांवर बसलेल्या मंडळींपुढे मी राणी रानात एकटी जागी होते तिथवर आलो, मागे राक्षसाची चाहूल लागली असे म्हणालो, आणि थांबलो. पुढचे उद्या तंबूत. लोक उठेचनात. पुढे तानुबाई म्हणून वांगी विकणाऱ्या माळीणबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई रानात एकटी, अन् तुमी पाणी पिऊन राहिले?" पाटलांनी तर मला बाजूला घेतले. "माह्या कानात सांगा. म्हशी दोहायच्या राहिल्या." सकाळी तानुबाई टोपलीभर वांगी घेऊन दारात. "जित्ती राहते का, इतकंच सांगा." मी वांगी परत केली. (लपवणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, अशी मनाची समजूत घातली. वांगी कोवळी होती.)

अर्धी कथा सोडणे घराला बरे नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी घरेच्या घरे आली, आरतीचे नारळ घेऊन. तंबूत उभे राहायला जागा नव्हती. देवीदास रानात जागा झाला, इकडेतिकडे पाहून त्याने हाक घातली, आणि तानुबाई सरळ रंगभूमीवर चढून त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. "घाबरू नोको माय, मी हाओ." मला वाटले, संपले. पण देवीदासाने त्यांच्या मांडीवर डोके टेकले आणि तसेच पुढचे पद म्हटले. मध्येच राक्षस गर्जत आला, तर तानुबाईंनी हात वर केला. "थांब रे, गाणं होऊ दे तिचं." राक्षस थांबला. भावोजी, तो आवाज आपला आहे. आपण पोथीवर ओव्या म्हणता तेव्हाचा, दमा नव्हता तेव्हाचा. मी उपरण्याने तोंड झाकून घेतले.

आरती झाल्यावरच लोक उठले. शब्दाप्रमाणे मी आता आपणास समजावीत आहे.

आपला,
शेषराव

ता. क. कान का धरला नाही, असे आपण विचाराल. धरणार होतो. दोन्ही कानांत राणीच्या कुड्या होत्या.

ता. क. त्या कुड्या अक्काच्या आहेत. तिनेच गुपचूप पाठवल्या. हे आपणास कळू देऊ नये असे तिने बजावले आहे, तरी ही ओळ वाचू नये.

ता. क. मंडळी माघात वाईस येणार आहे. तिथेही आदल्या दिवशी कोणीतरी आख्यान सांगावे लागेल, आणि घाटावर आपल्यासारखे सांगणारे दुसरे कोण आहे? फक्त एकदा, एवढी एकच वेळ, राणी रानात जागी झाली की पोथी मिटावी. पुढचे देवीदास सांगेल.