छालेच आहेत

३ फेब्रुवारी
भिलाईत पोचलो! कॉलेज सुटल्याचं काडीचं दुःख नाही. माझी मृणाल भिलाई-३ला राहते, बाइकवर बसलो की पोचलोच. कमलाआत्याचं क्वार्टर मोकळं आहे, मागच्या अंगणात पेरू. तिचे यजमान, जानराव फुफाजी, गेल्यापासून ती एकटीच असते. गालात गाठ आली म्हणून बाबांनी मला तिच्या सोबतीला पाठवलं. दारातच म्हणाली, "मास्तराची कॉलर धरली म्हन्ते! आता माही कनकेची परात धर."

७ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. कॅन्सर. बाबा फोनवर म्हणाले, नाव काढू नको, हाय खाईल ती. ऑपरेशन रायपूरला, महिनाभर मीच सोबत राहायचं. मग मृणाल? आधी हेच मनात आलं. आत्यानं विचारलं, काय निघालं रे? म्हटलं, "काही नाही आत्या, छाले आहेत." इथे तोंडातल्या फोडांना छालेच म्हणतात. ती हसली. "छाल्यासाठी रायपूरले कोन मरायले जाते? कॅन्सल कर." मी ऑपरेशनची तारीख रद्द केली. बरंही वाटलं, लाज वाटते.

१० फेब्रुवारी
डॉक्टर चिडले. अठराची तारीख दिली. तीही चुकली तर कापून उपयोग नाही म्हणाले. आत्याला आज सांगणार होतो. नाही सांगितलं.

१२ फेब्रुवारी
दुपारी स्वयंपाकघरात तिच्यासाठी पेज गाळत होतो. खोलीतून आवाज आला, "काही नाही आत्या, छाले आहेत."
आवाज माझा होता.
धावलो. आत्या एकटीच. खाटेची कड मात्र कुणी बसून उठल्यासारखी दबलेली. ती म्हणाली, "आत्ताच तं सांगून गेला, पुन्हा कायले आला?"

१४ फेब्रुवारी
मृणाल म्हणाली, आत्याला खरं सांग, नाहीतर मला फोन करू नको. मी अंगणात मोबाइल आपटला. आत दोघं हसत होते. आत्या नंतर म्हणाली, तू लय गोड बोलून राहिला रे आजकाल.
मी सकाळपासून तिच्याशी बोललोच नव्हतो.

१६ फेब्रुवारी
दार उघडलं. तो पाठमोरा बसलेला— माझाच शर्ट— तिच्या केसांवरून हात फिरवत. मी ओरडलो, आत्या, तुला कॅन्सर— तोंड हललं, आवाज नाही. तो बोलला. तेच. आत्यानं त्याचा हात गालाला लावला, सुजलेल्या गालाला.

१७ फेब्रुवारी
आवाज गेला. उद्या अठरा. रायपूरची गाडी परवाच सांगून ठेवली होती, त्यानं दारातूनच परत पाठवली.
आत्या वाचू शकते. सात तारखेचं पान फाडून दिलं असतं— पण त्यात मृणालचं आहे. ते तिनं वाचू नये. नवं लिहितो, मोठ्या अक्षरात.

आत्या, तुला छाले

नाही. पुन्हा.

आत्या, तुला छा—

हात दाबतोय कुणी— मी नाही लिहीत हे— आत्या, माफ— मी

काही नाही आत्या, छाले आ