सालभराचे उपवास

डिंपलचे बाबा,

तुमी फोनवर मोठ्या खुशीत सांगितलं, "ओमेश्वरी, तुझ्या सालभराच्या उपवासाचं उद्यापन करू. आईनं साऱ्या केशोरी गावाले सांगितलं." कायचे उपवास? पुस्तक वाचून झालं का मी कॅलेंडरवर त्या तारखेले 'उप.' लिहीत होती, तेच तुमच्या आईनं उपवास वाचलं. उप. म्हणजे उपन्यास, हिंदी कादंबरी! गोंदियावरून तुमीच आणून देत होते, तरी तुमच्या डोक्यात नाही आलं?

आईचं जाऊ द्या. त्या प्रत्येक दिवशी मी पोटभर भात खाल्ला, तुमच्याच घरात, चुलीपाशी, सगळ्यांच्या मागून. सालभरात एकानंही मले जेवताना पाह्यलं नाही काऊन?

हे पत्र मी धाडत नाही. उद्यापनाच्या पंगतीत सगळ्यांच्या आधी मीच जेवाले बसीन. मंग पाहा.

तुमची उपासवाली,
ओमेश्वरी