हुंकाराची कापाकापी

शनिवार, दिवेलागण, मिरज

लिही गं पूजे, नात हायस तर आजी सांगती तसंच लिही. आज तुझ्या पॉडकास्टला साताऱ्याच्या लेखिकाबाई आल्या, स्वतःची गोष्ट वाचायला लागल्या. गोष्ट चालली की ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं असतं, मी म्हणत होते. तू डोळे वटारलेस, "आज्जे, माइकमधी येतंय!" मी गप्प बसले, तर बाईच वाचायच्या थांबल्या. "आजी, झोपलात का?"

आता म्हणं तू रेकॉर्डिंगमधनं माझा हुंकार कापणार. काप बाई! पण एक कळंना. तू रोज बंद खोलीत एकटी माइकम्होरं पुस्तक वाचतीस, समोरून हुंकार न्हाई. ऐकणारी जागी हायती, हे कसं कळतं तुला?

लिहायची थांबलीस. म्हणालीस, "न्हाई कळत, आज्जे. लय भ्या वाटतं."

मग कापतीस कशाला, येडे?