बदकाच्या सहा भेटी

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
संसर्गजन्य रोग रुग्णालय.

विषय : भेटवहीतील सहा भेटी रद्द करून अंत्यदर्शनाची एक भेट मिळण्याबाबत.
संदर्भ : खाट क्रमांक नऊ, भेटवही, दिनांक आठ ते तेरा.

महोदय,

मी खाट क्रमांक नऊवरील मयत बाईंचा नवरा. वय चौऱ्याहत्तर, धंदा गवंडीकाम, आता बंद.

१. पत्नी सात तारखेला दाखल झाली. आत जायला मनाई असल्याने तळमजल्यावरच्या संगणकातून तिच्या उशाशी ठेवलेल्या संगणकावर पाहायचे, रोज चारला, पाव तास, अशा सहा भेटी मला मिळाल्या.

२. भेटीआधी जोडणी तपासायचा नियम आहे. तंत्रज्ञ म्हणाले, "आजोबा, हा संगणक त्या संगणकाला हाक मारतो, तो ओ देतो. पाचशे हाका झाल्या की मग चित्र." सेकंदाला एक हाक. त्यात आठ मिनिटे जात. नंतर चित्र नीट जाते का हे पाहण्यासाठी तळ्यात पोहणाऱ्या बदकाची फीत सोडत. ती संपेपर्यंत पाव तास भरे. दहा तारखेला एका हाकेला ओ आली नाही, म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून झाली. त्या दिवशी बदकही दिसले नाही.

३. वेळ संपली की वही पुढे येई. मला अक्षरओळख अठ्ठावन्नाव्या वर्षी पत्नीने करून दिली. सही झोकात करतो, वाचायला मात्र वेळ लागतो. मागे रांग खोळंबलेली, म्हणून रकान्याचा मथळा न वाचता सहा वेळा सही केली. मथळा 'भेट पूर्ण झाली' असा होता. ही चूक माझी आहे.

४. तिकडे पत्नीलाही तेच बदक दिसत होते. परिचारिकाबाईंनी नंतर सांगितले, की ती चौथ्या दिवशी म्हणाली, "म्हातारा भारी शहाणा. स्वतः यायचं सोडून बदक पाठवतो." पाचव्या दिवशी तिने भिंतीकडे तोंड केले. चाचणी चालली आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

५. तेरा तारखेला ती दुपारी दोनला गेली. मला ते चारला माहीत नव्हते. तिच्या उशाच्या संगणकाने पाचशेपैकी पाचशे हाकांना ओ दिली. तंत्रज्ञ म्हणाले, "आज एकदम झकास, आजोबा." मी सही केली. मग मला बाजूला बोलावून बातमी दिली.

६. देह उद्या सकाळी दहाला परस्पर नेणार आहेत. तोंड पाहायचे तर त्याच संगणकातून, आणि तीही भेटच धरली जाते. कारकून म्हणतात, "तुमच्या सहाही झाल्या. सह्या तुमच्याच ना?" मी बदकाचे सांगितले. ते म्हणाले, "मग काहीतरी पाहिलंत की!"

तरी सहा भेटी खोडून त्याऐवजी एक द्यावी. पाव तास नको, मिनिटभर पुरे. तिने भिंतीकडे केलेले तोंड तेवढे इकडे वळवून ठेवण्यास सांगावे.

त्या वेळी जोडणी तपासू नये, ही हात जोडून विनंती. ओ येणार नाही, हे मला कळते.

आपला नम्र,
खाट क्रमांक नऊचा नवरा
(सही, मजकूर वाचून केली आहे)
दिनांक चौदा, दुपारी तीन

सोबत : १. भेटवहीच्या पानाची प्रत.
२. जोडणी चाचणीचा सहा दिवसांचा अहवाल. शेरा : समाधानकारक.